ब्रुनेल आणि त्याचं रिकामं स्टेशन

इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल. हजेरी घेताना सरांना मध्येच श्वास घ्यावा लागेल असं हे नाव. आपल्या सिलॅबसमध्ये तो फारसा भेटत नाही. पण २००२ साली बीबीसीने इंग्लंडच्या लोकांना विचारलं, की तुमच्या देशातली सर्वांत थोर व्यक्ती कोण? तेव्हा हा इंजिनिअर चर्चिलच्या खालोखाल दुसरा आला. डार्विन, शेक्सपिअर, न्यूटन ही सगळी मंडळी त्याच्या मागे! मी सिव्हिलचा असल्यामुळे हे वाचून माझी कॉलर ताठ झाली. मेकॅनिकलवाले लगेच म्हणतील की त्याने जहाजं बांधली, म्हणजे तो आमचा. भांडण नको, दोघांचा धरू.

त्याची गोष्ट सांगण्याचं माझं कारण मात्र वेगळं आहे. ब्रिस्टल शहरात त्याने बांधलेलं एक रेल्वे स्टेशन आहे. त्या इमारतीतून १९६५ साली शेवटची गाडी सुटली. ज्या कामासाठी ती बांधली ते काम संपलं, तरी इमारत उभी आहे आणि वापरात आली आहे. ब्रुनेलचं सगळं आयुष्य मला त्या स्टेशनात दिसतं. कसं, ते सांगतो.

ब्रुनेलचा जन्म ९ एप्रिल १८०६चा, पोर्टस्मथचा. वडील मार्क ब्रुनेल मूळचे फ्रेंच आणि स्वतः नामांकित इंजिनिअर. पण पैशाच्या बाबतीत हात आखडता नव्हता. १८२१ साली कर्ज फेडता आलं नाही म्हणून त्यांना चक्क तुरुंगात जावं लागलं. पोरगा तेव्हा फ्रान्समध्ये शिकत होता. परत आल्यावर तो वडिलांच्या हाताखाली कामाला लागला आणि वयाच्या विशीतच थेम्स नदीखालच्या बोगद्याचा निवासी इंजिनिअर झाला. आपण विशीत ड्रॉइंगशीट पूर्ण करण्यासाठी मित्राची शीट शोधत फिरतो!

जानेवारी १८२८ मध्ये नदीचं पाणी बोगद्यात घुसलं. सहा कामगार मेले. ब्रुनेल थोडक्यात वाचला, पण जबर जखमी झाला. पुढे काही काळ तो विश्रांतीसाठी ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टनला राहिला. तिथेच एव्हन नदीच्या खोल दरीवर झुलता पूल बांधायची स्पर्धा निघाली आणि ती त्याने जिंकली. १८३१ साली काम सुरू झालं. पण शहरात दंगली झाल्या, पैसा आटला आणि पुढे कित्येक वर्षं दरीच्या दोन बाजूंना दोन अर्धवट मनोरे तेवढे उभे राहिले. आयुष्यातलं पहिलं मोठं स्वतंत्र काम, आणि तेच अपुरं.

तरी या कामामुळे ब्रिस्टलचे व्यापारी त्याला ओळखायला लागले. १८३३ मध्ये लंडन ते ब्रिस्टल रेल्वेसाठी, म्हणजे ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी, त्यांनी त्याला इंजिनिअर नेमलं. वय होतं अवघं २६. सुमारे १९० किलोमीटरच्या मार्गाचा सर्व्हे त्याने घोड्यावर फिरून केला. मेडनहेडला विटांचे दोन सपाट कमानींचे गाळे टाकले, प्रत्येकी १२८ फुटांचे. एवढी चपटी कमान कोसळणार, असं अनेक जाणकार म्हणत होते. त्या पुलावरून आजही गाड्या जातात. बॉक्स गावाजवळचा जवळजवळ तीन किलोमीटरचा बोगदा तर बंदुकीची दारू, घोडे आणि माणसांच्या बळावर खणला. त्यात अनेक मजुरांचे जीव गेले. ब्रुनेलचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. तो स्वतः दिवसाचे वीस तास काम करायचा, हे खरं. पण कंत्राटदार आणि हाताखालच्या माणसांकडूनही तो तेवढीच अपेक्षा ठेवायचा, आणि ते सगळ्यांना झेपायचं नाही.

या रेल्वेचा गेज त्याने ठेवला ७ फूट आणि पाव इंच. इतर कंपन्यांचा गेज होता ४ फूट साडेआठ इंच. आपल्याकडे ज्याला आपण ब्रॉड गेज म्हणतो तो ५ फूट ६ इंच, म्हणजे ब्रुनेलचा त्याहूनही दीड फूट रुंद! गाड्या स्थिर आणि वेगवान धावतील हा त्याचा हिशेब बरोबरच होता. पण दोन गेज जिथे भेटायचे तिथे सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागायचा. तांत्रिकदृष्ट्या चांगली गोष्ट एकटी पडली की हरते. १८४६ मध्ये संसदेने कायदा करून अरुंद गेजच्या बाजूने कौल दिला आणि १८९२ साली ब्रुनेलचा गेज कायमचा उखडला गेला.

आता त्या स्टेशनाकडे वळू. टेम्पल मीड्स हे ब्रिस्टलचं टर्मिनस ३१ ऑगस्ट १८४० रोजी सुरू झालं. नदी आणि गोदीचं पाणी ओलांडून रूळ उंचावरून येत असल्यामुळे त्याने स्टेशन कमानींवर, वरच्या मजल्याच्या पातळीवर बांधलं. रस्त्यावर समोर जुन्या राजवाड्यासारखी दिसणारी दगडी ऑफिसं, आणि मागे वर गाड्यांसाठी लाकडी छताची भली मोठी शेड. मधला गाळा ७२ फुटांचा आणि त्यात एकही खांब नाही. छत बघितलं की एखाद्या मध्ययुगीन दरबाराची आठवण यावी असं, पण ती नक्षी निव्वळ शोभेची. खरं काम करतात ते दोन बाजूंनी पुढे आलेले लाकडी सांगाडे. दोन क्रेननी आपले हात मध्यावर एकमेकांना टेकवावेत, तसं. कॅन्टिलिव्हरचा प्रश्न सोडवताना कंटाळा आला तर हे छत डोळ्यांसमोर आणा.

पुढच्या तीस वर्षांत गाड्या इतक्या वाढल्या की हे स्टेशन अपुरं पडायला लागलं. १८७०च्या दशकात शेजारी मोठं नवीन स्टेशन झालं. जुनं पाडलं नाही, लांबवून जोडून घेतलं. अखेर १२ सप्टेंबर १९६५ रोजी ब्रुनेलच्या शेडमधली वाहतूक बंद झाली. मग तिथे काय झालं असेल? मोटारींचा पार्किंग लॉट! जगातल्या सर्वांत जुन्या रेल्वे टर्मिनसांपैकी एक, आणि त्याच्या छताखाली ऑइल गळणाऱ्या गाड्या.

१९८०च्या दशकात एका विश्वस्त संस्थेने दुरुस्ती हाती घेतली. २००२ मध्ये तिथे ब्रिटिश साम्राज्य आणि राष्ट्रकुलाचं म्युझियम उघडलं. सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला. पण २००८ मध्ये ते प्रेक्षकांसाठी बंद झालं. त्यानंतर शेडचा उपयोग प्रदर्शनं, परिषदा आणि समारंभांसाठी होऊ लागला. २०१३ मध्ये समोरच्या जुन्या ऑफिसांमध्ये ब्रिस्टल विद्यापीठ आणि नगरपालिकेच्या पुढाकाराने नव्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठी एक केंद्र सुरू झालं. नाव ठेवलं इंजिन शेड. ज्या इमारतीत ब्रुनेलच्या कंपनीचे संचालक बसायचे, तिथे लॅपटॉप घेऊन नवी पोरं बसली. म्हणजे गाड्या थांबल्यापासून जमेल असा उपयोग सापडायला ४० वर्षांहून जास्त काळ गेला, आणि मधला एक उपयोग फसलासुद्धा.

मला वाटतं, ब्रुनेलची बहुतेक कामं याच वाटेने गेली. थेम्सचा बोगदा खरं तर घोडागाड्यांसाठी होता. गाड्या उतरवायचे रस्ते बांधायला पैसेच उरले नाहीत, म्हणून १८४३ मध्ये तो पायी जाणाऱ्यांसाठी उघडला. १८६९ पासून त्यातून रेल्वे धावते, आजही. स्टेशनाचं काम गेलं आणि इमारत उरली; इथे उलट, बोगद्याला रेल्वे मिळाली आणि तो जगला. क्लिफ्टनच्या अर्धवट पुलासाठी बनवलेल्या साखळ्या विकल्या गेल्या आणि सॉल्टॅशच्या रेल्वे पुलाला लागल्या. मग लंडनमधला त्याचाच हंगरफोर्ड पादचारी पूल रेल्वेसाठी काढला गेला, तेव्हा त्याच्या साखळ्या क्लिफ्टनला आल्या. त्या पुलाचं काम १८६४ मध्ये इतर इंजिनिअरांनी ब्रुनेलचं स्मारक म्हणून पूर्ण केलं.

जहाजांचं तेच. ग्रेट ब्रिटन हे लोखंडी जहाज १८४३ मध्ये ब्रिस्टलच्या गोदीत तयार झालं. त्याने अटलांटिक ओलांडला, ऑस्ट्रेलियाला माणसं नेली, कोळसा वाहिला आणि शेवटी फॉकलंड बेटांवर नुसतं गोदाम म्हणून पडून राहिलं. १९७० मध्ये लोकांनी ते ओढत परत आणलं, आणि जिथे बांधलं त्याच गोदीत ते आज म्युझियम म्हणून उभं आहे. शेवटचं ग्रेट ईस्टर्न तर २११ मीटर लांब. वाटेत कोळसा न भरता पूर्वेला जाता यावं म्हणून बांधलेलं. ते पाण्यात ढकलायलाच तीन महिने लागले. कंपनी बुडाली, ब्रुनेलची तब्येतही. सप्टेंबर १८५९ मध्ये जहाजावरच त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि दहा दिवसांनी, १५ तारखेला, तो गेला. वय ५३. प्रवासी जहाज म्हणून ते साफ पडलं. पण एवढी केबल पोटात घेणारं दुसरं जहाज जगात नव्हतं. १८६६ मध्ये त्याने अटलांटिकखालून तारेची केबल टाकली आणि १८७० मध्ये मुंबई ते एडन. पूर्वेला जायला बांधलेलं जहाज आपल्या मुंबईला आलं, ते प्रवासी नव्हे, तार घेऊन!

अर्थात सगळंच वाचलं नाही. त्याचा गेज गेला. डेव्हनमधली हवेच्या दाबावर चालणारी रेल्वे १८४८ मध्ये वर्षभरात बंद पडली, कारण नळीवरची चामड्याची पट्टी टिकत नव्हती. पद्धत, नियम, यंत्रणा यांना एकच काम असतं. ते संपलं की त्या संपतात. पण ७२ फुटांचा मोकळा गाळा गाडीलाही चालतो आणि माणसांच्या सभेलाही. मोठी जागा, भक्कम काम आणि सरळ रचना असेल तर पुढच्या पिढीला त्यात काहीतरी करता येतं. अर्थात ते आपोआप होत नाही. कायद्याचं संरक्षण लागतं, पैसा लागतो, आणि पार्किंग लॉटकडे बघूनही आत काय आहे हे ओळखणारी चार हट्टी माणसं लागतात.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कोणी ना कोणी एखाद्या जुन्या स्टेशनाचा, गिरणीचा किंवा गोदामाचा रिपोर्ट लिहायला बसेल. पाडून नवीन बांधा, हे वाक्य सगळ्यांत सोपं असतं. ते लिहिण्याआधी एकदा शिडी लावून वर चढा आणि छताचा गाळा मोजा. मग काय लिहायचं ते ठरवा.