मुंबईस आलेल्या अमांडाबाई

हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावर कलघटगी मागे पडली की रानाच्या कडेने सिद्दी लोकांच्या वाड्या लागतात. पुढे यल्लापूर, हल्याळ या भागांत त्यांची वस्ती अधिक. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी जे घाट चढून पळाले, त्यांचे हे वंशज. त्यांच्या घरच्या कोकणीत मराठी आणि कानडी इतकी मुरली आहे की धारवाडकराला ती परकी वाटत नाही. या समाजातील जुन्या आज्यांना सरकार, स्वजन आणि देव यांविषयी काय वाटत होते, ते लिहून ठेवण्याची सोय कोणी त्यांना दिली नाही. त्याच आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून अमेरिकेत नेलेल्यांच्या वंशातील एका बाईने मात्र ते लिहिले, आणि ती बाई १८७९ साली आपल्या मुंबईस येऊन गेली. तिचे नाव अमांडा स्मिथ.

अमांडाबाई जन्मल्या २३ जानेवारी १८३७ रोजी, मेरीलँड संस्थानात. धारवाडास बाझेल मिशनचे ठाणे पडले ते याच वर्षी. आईचा धनी एक, बापाचा दुसरा. बाप सॅम्युअल बेरी दिवसभर धन्याचे काम करी आणि रात्री केरसुण्या बांधून, चटया विणून विकी. पै-पैसा साठवून त्याने आधी स्वतःला विकत घेतले, मग बायकोमुलांना. स्वतःची लेकरे रोकडा मोजून सोडवणारा हा बाप पुढे पेनसिल्व्हानियात राहावयास गेला आणि तेथे त्याने पळून आलेल्या गुलामांना घरात लपविले. तेरा भावंडांपैकी मुलींत अमांडा थोरली. शाळा मिळाली ती जेमतेम साडेतीन महिने. बापाने आणलेल्या वर्तमानपत्रांतील मोठी अक्षरे ती कापून काढी, खिडकीत मांडी, आणि आई त्यांचे शब्द जुळवून देई. पुढे पाचशेहून अधिक पानांचे आत्मचरित्र लिहिणाऱ्या बाईंची धुळाक्षरे ही अशी.

संसारात सुख थोडेच लाभले. पहिला नवरा यादवी युद्धात गेला तो परतला नाही. दुसरा १८६९ साली वारला. पाच मुलांपैकी एक मुलगी तेवढी जगली. न्यूयॉर्कात लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून बाई पोट भरीत. १८६८ साली एका मेथडिस्ट देवळात प्रवचन ऐकताना त्यांना आपले अंतःकरण धुऊन निघाल्याचा अनुभव आला, आणि तेथून पुढे त्या स्वतः बोलू लागल्या. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र चर्चमध्येही स्त्रीला दीक्षा नव्हती. १८७२ साली नॅशव्हिल येथे त्या चर्चची परिषद भरली, तेव्हा साधा झगा आणि साधी टोपी घातलेल्या या बाईकडे पाहून धर्मगुरूंना शंका आली की ही दीक्षा मागावयास आली असावी. बाईंनी दीक्षा मागितली नाही. देवाने धाडले आहे तर माणसाच्या हाताची गरज काय, असा त्यांचा हिशेब. काहींना हे पड खाणे वाटेल. आम्हांस तो एक तऱ्हेचा ताठाच वाटतो. आपल्याकडे जनाबाईने तरी कोणाची परवानगी मागितली होती?

रंगभेदाविषयी त्यांनी जे लिहिले ते भाविकांना झोंबणारे आहे. चित्तशुद्धी झाली म्हणजे वर्णाचा विटाळ आपोआप जातो, असे त्या मानीत नसत. शुद्ध झालेल्या गोऱ्यांच्या पंगतीतही त्यांनी तो पाहिला होता. चोवीस तास काळे होऊन पाहिल्यास देवाच्या कृपेचा खरा अर्थ कळेल, असे त्यांनी काहींना सुचविले आहे. गोरे व्हावेसे वाटते का, या प्रश्नाला त्यांचे उत्तर नकाराचे होते. आपला रंग राजेशाही आहे आणि पक्का आहे, हे त्या मजेने सांगत.

१८७८ साली तीन महिने विश्रांती म्हणून बाई विलायतेस गेल्या, त्या घरी परतल्या बारा वर्षांनी. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तिदात्यांना अर्पण केली ती १८७३ साली. सहा वर्षांनी त्या गुलामांपैकीच एक मुंबईच्या धक्क्यावर उतरली. धारवाड जिल्हा तेव्हा १८७६-७८ च्या दुष्काळातून नुकता सावरत होता. पुढे कलकत्त्यात थोबर्न या मिशनऱ्यांनी त्यांना व्यासपीठ दिले, आणि पुढे बाईंच्या आत्मचरित्राला प्रस्तावनाही लिहिली. अमेरिकेत जिला गोऱ्यांच्या मेजावर जागा मिळेल की नाही याची धास्ती असे, तिच्यासमोर येथे साहेबांच्या मडमा कान देऊन बसत. आपल्या देवदेवळांकडे मात्र बाईंनी मिशनऱ्याच्याच नजरेने पाहिले. जिला स्वतःच्या देशात उपरे ठरविले होते, तिने येथे थोडे थांबून पाहावयास हवे होते, अशी रुखरुख वाटते.

हिंदुस्थाननंतर त्या आफ्रिकेत लायबेरियात गेल्या. तेथे हिवतापाशी झगडत त्यांनी सुमारे आठ वर्षे दारूबंदीचे काम केले, दोन पोरे आपली म्हणून वाढविली. १८९० साली मायदेशी परतल्यावर १८९३ साली आत्मचरित्र निघाले. त्याच्या प्रती विकून आणि गावोगाव गाऊन, बोलून जमविलेल्या पैशांतून त्यांनी शिकागोजवळ हार्वे येथे १८९९ साली कृष्णवर्णीय पोरक्या मुलांसाठी आश्रम काढला. पैशाची ओढ कायमची. वय झाल्यावर एका श्रीमंत चाहत्याने फ्लोरिडात सेब्रिंग येथे त्यांना घर दिले. तेथेच २४ फेब्रुवारी १९१५ रोजी त्या वारल्या. हार्वेचा आश्रम १९१८ साली आगीत जळाला.