इंद्रायणीत बुडविलेली कर्जखते

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात भल्या सकाळी मालमोटारी रिकाम्या होऊ लागतात. भुसार विभागातील गाळ्यांपुढे पोत्यांच्या थप्प्या लागतात, तोलणार वजने पुकारतो, हमाल पाठीवर पोते घेऊन फळीवरून चढ-उतार करतो आणि दिवाणजी हिशेबपट्टी लिहीत बसतो. त्याच गाळ्यात गादीच्या वरच्या बाजूस विठ्ठलाची किंवा तुकोबांची तसबीर टांगलेली पुष्कळदा दिसते. व्यवहार खाली आणि परमार्थ वर, अशी ही सोयीची वाटणी आहे, असे एखाद्याला वाटेल. वस्तुतः तसबिरीतील पुरुष स्वतः वाणी होता. तराजू, उधारी आणि दिवाळे या तिन्हींचा अनुभव त्याने घेतला होता.

तुकोबांचे जन्मवर्ष सामान्यतः १६०८ मानले जाते. देहूच्या या कुणबी घराण्यात महाजनकी, शेती, सावकारी आणि दुकान होते. वडील बोल्होबा आणि आई कनकाई यांच्या हयातीत कशाची उणीव नव्हती. दुसरी पत्नी जिजाई, म्हणजेच आवली, ही पुण्याच्या गुळवे सावकारांची मुलगी. थोडक्यात, पेठेत पत असलेले हे घर होते. तुकोबांच्या विशीच्या आतच आईवडील गेले. थोरली भावजय वारली आणि विरक्त झालेले थोरले बंधू सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. संसाराचा आणि व्यापाराचा भार मधल्या मुलावर पडला. व्यापारात तूट येत गेली आणि दिवाळे निघाले.

त्यातच १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरातवर भीषण दुष्काळ कोसळला. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले, म्हणजे पावसाने जे राखले असते तेही राजकारणाने राहू दिले नाही. तुकोबांची पहिली पत्नी रखमा अन्नान्न करीत मेली. मुलगा संतूही गेला. धान्याचा व्यापार करणाऱ्याच्या घरात भुकेने मृत्यू व्हावा, यापरते दुसरे दिवाळे कोणते?

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी जगातील धर्मांचा तौलनिक अभ्यास करताना असे दाखवून दिले, की सुखी माणसाला आपले सुख न्याय्य आहे अशी ग्वाही हवी असते आणि दुःखी माणसाला आपल्या दुःखाला काही अर्थ आहे अशी. तुकोबांना दुसरी गरज होती. पूर्वसंचिताचे तयार उत्तर त्या काळी प्रत्येक गावात उपलब्ध होते. पण तेवढ्यावर ते थांबले असते तर देहूचा एक दुर्दैवी वाणी एवढीच त्यांची ओळख उरली असती.

त्यांनी काय केले, हे त्यांच्या आत्मपर अभंगांतून आणि पुढे महिपतीने लिहिलेल्या चरित्रांतून कळते. लोकांत तोंड दाखविण्याची लाज वाटू लागली होती, धंदा बुडाला होता आणि घराण्यातील विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते. त्यांनी प्रथम ते देऊळ दुरुस्त करण्याचे मनावर घेतले. पाठांतर सुरू केले, कीर्तनात इतरांमागे उभे राहून ध्रुपद धरले. भामनाथ आणि भंडारा डोंगरांवर एकांतात चिंतन केले. दुःखाचे स्पष्टीकरण शोधण्याआधी त्यांनी हाताला काम शोधले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आणि मग ती कर्जखते. लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद घरात होते. परंपरा असे सांगते, की तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबा यांना निम्मी खते वाटून दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. अर्थशास्त्राच्या भाषेत कर्जखत म्हणजे दुसऱ्याच्या उद्याच्या श्रमांवर सांगितलेला आजचा हक्क होय. दुष्काळाने नागवलेल्या कुळांवरील तो हक्क त्यांनी सोडला. मात्र भावाचा हक्क त्यांनी सोडला नाही, कारण तो त्यांचा नव्हता. आपल्याला गवसलेल्या अर्थाची किंमत आपणच मोजावयाची असते, हे या वाटणीतून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते.

अर्थात् ही किंमत एकट्या तुकोबांनी मोजली, असे म्हणता येणार नाही. घरात मुलेबाळे होती आणि चूल आवलीला पेटवावी लागत होती. कजाग म्हणून तिची हेटाळणी करणाऱ्यांनी तिच्या बाजूचा हिशेब कधी मांडला नाही.

धर्माने तुकोबांना आधार दिला, तसाच अडथळाही आणला. शूद्राने वेदार्थ सांगावा हे वाघोलीच्या रामेश्वर भटांना मानवले नाही आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविणे भाग पडले. तेरा दिवसांनी त्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ती बाजूस ठेवली तरी एवढे निश्चित, की अभंग लोकांच्या मुखी उरले आणि रामेश्वर भट पुढे तुकोबांचे अनुयायी झाले. एकाच धर्माच्या नावाने एकाने तोंड बंद करू पाहिले आणि दुसऱ्याने ते उघडले. तेव्हा धर्म अर्थ देतो की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. तो कोणाला बोलू देतो, हेही विचारावे लागते.

१६५० साली तुकोबा गेले. १६८५ मध्ये त्यांचे पुत्र नारायणबाबा यांनी पालखी सोहळा सुरू केला. ही पालखी पुण्यात नाना पेठेत मुक्काम करते आणि भुसार बाजार गुलटेकडीवर जाण्यापूर्वी याच नाना-भवानी पेठांत होता. तेथील हमालांना न्याय मिळाला तो भजनाने नव्हे, डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने त्यांना संघटित केले आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने संरक्षण दिले. पोटाच्या प्रश्नाला पोटाचेच उत्तर लागते.

पण हिशेबपट्टीत खर्च वजा जाता हाती काही न उरलेला शेतकरी, धंदा बुडालेला छोटा व्यापारी यांच्यापुढे भाकरीच्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न उभा असतो: माझी शिल्लक शून्य झाली, म्हणजे मीही शून्य झालो काय? या प्रश्नापाशी अनेकजण खचतात, काही जीवही देतात. त्यांना रास्त भाव आणि वेळेवर कर्ज मिळालेच पाहिजे; ते शासनाचे आणि बाजार समितीचे काम आहे. परंतु शिल्लक शून्य झाल्यावरही माणूस उरतो, ही गोष्ट देहूच्या एका वाण्याने स्वतःच्या आयुष्याने सिद्ध केली आहे. गाळ्यातील तसबिरीला हार घालताना तिच्याखाली बसणाऱ्याने समोर आलेल्या कर्जदाराकडे या दृष्टीने पाहिले, तरी पुष्कळ झाले.