कलामहर्षी बाबूराव पेंटर

चित्रपट पाहावयास तुम्हां सर्वांनाच आवडते. पडद्यावर देवदेवता अवतरतात, घोडदळे धावतात, गडावर तलवारी खणखणतात, आणि आपण भान विसरून पाहत राहतो. परंतु ही चालती चित्रे महाराष्ट्रात प्रथम ज्यांनी घडविली त्यांच्याजवळ आरंभी काय होते? शिकविणारा गुरू नव्हता, शाळा नव्हती, आणि एका माणसाजवळ तर चित्र घेण्याचे यंत्रही नव्हते. ते यंत्र त्याने स्वतःच्या हातांनी घडविले. तो माणूस म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर होय.

त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म कोल्हापूर येथे 3 जून 1890 रोजी झाला. घराणे कारागिरांचे, तेव्हा हातोडी, करवत, रंग आणि कुंचला यांचा सहवास त्यांना लहानपणापासूनच घडला. चित्रकलेच्या कोणत्याही विद्यालयात ते गेले नाहीत. पाहावे, काढावे, पुसावे आणि पुन्हा काढावे, अशा रीतीने चित्रकला आणि मूर्तिकला या दोन्ही विद्या त्यांनी आपल्या आपण हस्तगत केल्या. त्यांचे चुलतबंधू आनंदराव हेही तसेच कसबी होते. दोघे मिळून नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. त्या काळी संगीत नाटकांचा मोठा बहर होता. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, देऊळ हे सारे रंगभूमीवर दाखवावयाचे ते पडद्यांवरच. या बंधूंनी रंगविलेला पडदा वर उचलला गेला की प्रेक्षक नटांकडे न पाहता काही क्षण पडद्याकडेच पाहत राहत. 1910 ते 1916 या काळात पश्चिम भारतात या कामी त्यांची बरोबरी करणारे फार थोडे होते. लोक त्यांना मेस्त्री म्हणेनासे झाले, पेंटर म्हणू लागले. आणि तेच त्यांचे आडनाव झाले.

1913 साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत प्रकाशित झाला. आपल्या देशातील माणसाने, आपल्या पुराणांतील कथा घेऊन, चालती चित्रे निर्माण केली, या गोष्टीचा दोघा बंधूंच्या मनावर विलक्षण परिणाम झाला. आजवर आपण रंगविलेले अरण्य कधी हलले नाही, आपली नदी कधी वाहिली नाही. ती हलविता येईल, वाहविता येईल, हे त्यांस दिसले. मग त्यांना दुसरे काही सुचेना. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र विकत आणले आणि लोकांना खेळ दाखविण्यास सुरुवात केली. खेळ प्रेक्षकांसाठी होता, पण हे दोघे मात्र पट कसा सरकतो, प्रकाश कसा पडतो, एक दृश्य संपून दुसरे कसे लागते याचाच अभ्यास करीत.

चित्र दाखविण्याचे यंत्र मिळाले, परंतु चित्र घेण्याचे यंत्र, म्हणजे कॅमेरा, विलायतेहून आणावयास हवा. त्याला लागणारा पैसा पडदे रंगविणाऱ्यांजवळ कोठून असणार? तेव्हा तो घरीच बनवावा असे आनंदरावांनी ठरविले. हे काम किती अवघड होते याची तुम्हांला थोडी कल्पना यावी म्हणून सांगतो. कॅमेऱ्यातील फितीच्या कडांना बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांत यंत्राची नखे अडकतात, फीत एका चित्राएवढी खाली ओढतात आणि सोडून देतात. फीत क्षणभर स्थिर राहते, त्याच क्षणी समोरची झडप उघडते, चित्र उमटते, झडप मिटते, आणि नखे फीत पुन्हा ओढतात. मूकपटांच्या काळी हे सारे एका सेकंदात सुमारे सोळा वेळा घडत असे, आणि तेही हाताने दांडा फिरवून. नख केसभर चुकले तर फीत फाटणार; झडप जरा आधी उघडली तर चित्र फरकटणार. असे हे नाजूक काम आनंदरावांनी आरंभिले, आणि ते पुरे होण्यापूर्वीच, 1916 साली, त्यांना मृत्यूने गाठले.

बाबूरावांचे वय त्या वेळी अवघे सव्वीस वर्षांचे. भाऊ गेला, सोबती गेला, आणि अर्धवट यंत्र मागे राहिले. पडदे रंगविण्याचा चांगला चाललेला धंदा हाती होता. तो करून सुखाने राहता आले असते. परंतु बाबूरावांनी ते यंत्र टाकून दिले नाही. आनंदरावांच्या शिष्यांपैकी विष्णुपंत दामले यांना यंत्रविद्येची उत्तम जाण होती. त्यांना सोबत घेऊन बाबूरावांनी खटपट चालू ठेवली आणि 1918 मध्ये कॅमेरा सिद्ध झाला. कोल्हापुरात घडविलेल्या यंत्राने कोल्हापूरची माणसे टिपली, आणि ती पडद्यावर चालू लागली!

यानंतर उभी राहिली ती महाराष्ट्र फिल्म कंपनी. तिला भांडवल दिले तानीबाई कागलकर या गायिकेने. सावकार आणि व्यापारी ज्या धंद्याकडे संशयाने पाहत होते, त्यात एका कलावंत स्त्रीने आपली पुंजी घातली, ही गोष्ट विसरता कामा नये. राजर्षी शाहू महाराजांचाही बाबूरावांना आश्रय होता. मल्ल, गवई, नट, चित्रकार यांना जवळ करणारा हा राजा नव्या कलेला दूर कसा लोटील?

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिचा छळ करणारा कीचक आणि त्याला ठार करणारा भीम, ही महाभारतातील कथा. त्या काळी चित्रपटात काम करणे हे कुलीन स्त्रीला लांच्छन समजले जाई. फाळक्यांच्या ‘हरिश्चंद्रा’त तारामतीचे काम पुरुषानेच केले होते. बाबूरावांना मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी मिळाल्या. त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नवी नावे देण्यात आली. समाजाचा रोष पत्करून त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्यात ‘सैरंध्री’ प्रकाशित झाला. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते की प्रेक्षक भयाने व्याकूळ झाले आणि पुढे ते दृश्य सरकारने काढून टाकावयास लावले. पण चित्रपटाचे यश त्याने उणावले नाही. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा गौरव करून त्यांना ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी दिली. लोकमान्यांच्या आयुष्याचे ते अखेरचे वर्ष होते.

बाबूरावांचे चित्रपट इतरांहून निराळे का दिसत, याचे कारण त्यांच्या मूळच्या व्यवसायातच होते. ज्याने पडदे रंगविण्यात कीर्ती मिळविली त्यानेच चित्रपटातून रंगविलेला पडदा हद्दपार केला! कॅमेऱ्याला पडद्यावरचा खांब खोटा दिसतो, हे चित्रकाराच्या नजरेने त्यांनी ओळखले. आणि खरे खांब, खऱ्या भिंती, खरी दालने उभारण्यास सुरुवात केली. प्रत्येक दृश्य ते आधी कागदावर रेखाटीत. नटाने कोठे उभे राहावे, पागोटे कसे असावे, सूर्यप्रकाश कोणत्या बाजूने पडावा, हे सारे त्या चित्रात असे. स्वतःच्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतःच रंगवीत. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिकाही त्यांच्या कंपनीने 1921-22 च्या सुमारासच काढल्या. स्वभाव मात्र अबोल आणि काम अतिशय संथ. मनाजोगते होईपर्यंत दृश्य ते पुढे सरकू देत नसत, मग त्यात किती दिवस जावोत आणि किती पैसा जावो. हिशेब पाहणाऱ्यांना याचा त्रास होत असला पाहिजे. पण कामाची उत्तमता त्या संथपणातूनच आलेली होती, असे मला वाटते.

पुराणकथांनी लोकांना चित्रपटाची गोडी लावली, यात शंका नाही. परंतु बाबूराव एकाच प्रकारात रमणारे नव्हते. 1923 साली त्यांनी ‘सिंहगड’ हा ऐतिहासिक चित्रपट काढला. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजीने गड घेतला तो रात्रीच्या काळोखात. आणि त्या वेळचे सारे चित्रीकरण तर उन्हात चाले. रात्र दाखवावी कशी? बाबूरावांनी विजेचे प्रखर दिवे लावून रात्रीचे प्रसंग चित्रित केले. आज ही गोष्ट अगदी साधी वाटेल; त्या काळी आपल्या देशात ती अपूर्व होती. देव आणि राक्षस बाजूला सारून आपल्याच डोंगरातले मावळे पडद्यावर पाहताना महाराष्ट्रातील प्रेक्षक उचंबळून गेले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘कल्याण खजिना’ या त्यांच्या चित्रपटाला लंडनजवळील वेंब्ली येथील प्रदर्शनात पदक मिळाले.

यशाच्या अशा शिखरावर असताना एखाद्याने आणखी चार लढायांचे चित्रपट काढले असते. बाबूरावांनी 1925 मध्ये काढला तो ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरि आपटे यांची. हे आपटे वर उल्लेखिलेल्या आपट्यांहून निराळे, हे ध्यानात ठेवा. या चित्रपटात ना देव होता, ना राजा. एक गरीब शेतकरी सावकाराच्या कर्जात अडकतो, त्याची जमीन जाते, आणि गाव सोडून त्याला शहरात गिरणीमजूर व्हावे लागते, एवढीच कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे या तरुणाने केली होती. एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात कायमचे राहिले: अंधारात एकाकी झोपडी, आणि तिच्याजवळ उभे राहून विव्हळणारे कुत्रे. मूकपटात आवाज नसतो. तरीही ते विव्हळणे ऐकू येते असा भास होई, असे जाणते लोक सांगत.

हा चित्रपट चालला नाही. सोनेरी मुकुट आणि चमत्कार पाहावयास आलेल्या प्रेक्षकाला आपल्याच गावातील दुःख पैसे देऊन पाहणे रुचले नसावे. बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक कथांकडे वळले. परंतु माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी कृती हीच. साध्या माणसाचे जगणेही पडद्यावर दाखविण्याच्या योग्यतेचे आहे, हे आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे पूर्वी कोणी दाखविले नव्हते. दुर्दैवाने 1925 चा तो मूकपट आज उपलब्ध नाही.

प्रेक्षकांनी पाठ फिरविली तरी कंपनीतील काही तरुणांनी तो पाठ नीट गिरविला होता. विष्णुपंत दामले, कलादिग्दर्शनात निपुण असलेले शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम, हे सारे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. शांताराम 1920 मध्ये कंपनीत आले ते पडेल ते काम करण्यासाठी. तेथे शिकविण्याचे वर्ग नव्हते, परीक्षा नव्हत्या. रंग कालवावेत, भिंती उभाराव्यात, फिती धुवाव्यात, गरज पडली की दाढी लावून कॅमेऱ्यासमोर उभे राहावे, आणि अबोल गुरूच्या हाताकडे लक्ष ठेवावे, हेच शिक्षण. 1927 मध्ये ‘नेताजी पालकर’ या चित्रपटाचे दिग्दर्शन करण्याइतकी शांतारामांची तयारी झाली.

1929 साली हे चौघे शिष्य कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ज्या हातांवर संस्था उभी होती तेच गेल्यावर ती किती काळ टिकणार? थोड्याच वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूराव तत्पूर्वीच तिच्यातून निघाले होते. ते पुन्हा आपल्या चित्रांकडे आणि मूर्तींकडे वळले. मधूनमधून त्यांनी बोलपटही केले. 1935 चा ‘उषा’, 1937 चा ‘प्रतिभा’ हे त्यांतील काही. आणि 1936 मध्ये त्यांनी काय केले असेल? अकरा वर्षांपूर्वी लोकांनी नाकारलेला ‘सावकारी पाश’ त्यांनी पुन्हा काढला. या वेळी बोलका!

तिकडे ‘प्रभात’ 1933 मध्ये पुण्यास गेली होती. 1936 मध्ये दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ प्रकाशित झाला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा सन्मान झाला. शांतारामांनी 1937 मध्ये ‘कुंकू’ काढला. वृद्धाशी लग्न लावून देण्यात आलेल्या एका तरुण मुलीचा विरोध त्यात आहे. त्याची कथा कोणाची? ‘सावकारी पाश’ लिहिणाऱ्या त्याच नारायण हरि आपट्यांची. आता सामाजिक चित्रपट पाहण्यास लोक गर्दी करू लागले होते.

पुढे शांतारामांनी स्वतःची संस्था काढली तेव्हा ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठी त्यांनी आपल्या गुरूंना बोलाविले. 1947 मध्ये तो प्रकाशित झाला. दिग्दर्शक म्हणून त्यावर गुरूचे आणि शिष्याचे अशी दोघांचीही नावे आहेत. ज्या शिष्याच्या जाण्याने कंपनीला हादरा बसला, त्याच्याच संस्थेत काम करण्यास गेलेल्या गुरूच्या मनात त्या दिवशी काय आले असेल ते कोण सांगणार? अबोल बाबूरावांनी त्याचीही कोठे वाच्यता केली नाही.

16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले. सहा वर्षांनी, 1960 मध्ये, पुण्यातील ‘प्रभात’च्या जागेत भारत सरकारने चित्रपटकला शिकविणारी संस्था उघडली. जी विद्या बाबूरावांनी गुरूवाचून, उसन्या भांडवलावर आणि घरी घडविलेल्या यंत्रावर मिळविली, ती शिकण्यासाठी देशाच्या सर्व भागांतून मुले-मुली तेथे येतात.