आणेवारी आणि प्रशांतचंद्र महालनोबिस

माझे आजोबा संस्थानी अमदानीत माळव्यातल्या एका परगण्यात महसुली दप्तरात होते. दर साली पीक उभे राहिले की त्याची आणेवारी ठरवून वर पाठवावी लागे. आजोबा घोडीवरून गिरदावरीला निघत. गावच्या शिवेवरच पटेल सामोरा येई, आंब्याखाली घोंगडी अंथरली जाई, गूळपाणी होई, आणि ज्वारी दहा आणे, कापूस आठ आणे असे आकडे कागदावर उतरत. शेतात पाय ठेवण्याची पाळी क्वचित येई. म्हातारपणी हे सारे ते हसत हसत सांगत. एका सालची गोष्ट मात्र सांगताना ते हसत नसत. त्या वर्षी पाऊस मध्येच तुटला होता. आजोबांनी गेल्या सालचा कागद समोर ठेवून, एक आणा कमी करून, सात आणे लिहिले. पीक चार आणेही नव्हते. कागदावर सात आणे असल्यामुळे शेतसाऱ्याला तहकुबी मिळाली नाही, आणि त्या गावातल्या काही कुणब्यांनी बैल विकून सरकारचा भरणा केला.

महालनोबिसांचे चरित्र मी प्रथम वाचले ते या आठवणीसकट. आपल्याकडे हे नाव ऐकले की दुसरी पंचवार्षिक योजना, पोलादाचे कारखाने आणि नेहरू आठवतात. त्या योजनेविषयी पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे, मी त्यात पडत नाही. मला हे गृहस्थ आठवतात ते आंब्याखालच्या त्या घोंगडीमुळे. सरकारला आपल्याच मुलखाची खरी माहिती कशी मिळावी, या एका प्रश्नामागे त्यांनी आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे घातली.

त्यांचा जन्म कलकत्त्याला 29 जून 1893 रोजी एका ब्राह्मसमाजी घराण्यात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान घेऊन ते पदवीधर झाले आणि 1913 साली विलायतेस गेले. केंब्रिज पाहावयास म्हणून गेले असता लंडनची गाडी चुकली, रात्री मित्राकडे मुक्काम पडला, किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर मनात भरले आणि तेथेच त्यांनी नाव घातले. शिक्षण संपवून 1915 साली स्वदेशी निघाले तर महायुद्धामुळे बोट खोळंबलेली. त्या रिकाम्या दिवसांत कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांना बायोमेट्रिका या नियतकालिकाचे अंक दाखवण्यात आले. मोजमापांवरून अनुमान कसे काढावे याचे ते नवे शास्त्र होते. त्यांनी सगळे अंक विकत घेतले आणि परतीच्या बोटीवर ते वाचत बसले. गाडी चुकणे आणि बोट खोळंबणे यांचे आपल्या देशावर असे उपकार आहेत.

कलकत्त्याला ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. संख्याशास्त्र हा अजून फावल्या वेळचा नाद होता. त्या नादाला काम मिळाले ते आपल्या नागपुरात. 1920 साली तेथे सायन्स काँग्रेसचे अधिवेशन भरले असता प्राणिशास्त्रज्ञ ॲनन्डेल यांनी कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मोजमापे त्यांच्या हाती देऊन त्यातून काय निघते ते पाहण्यास सांगितले. पुढे 1922 साली उत्तर बंगालात महापूर आला. पाणी अडवण्यासाठी मोठ्या खर्चाचे तलाव बांधावेत असा विचार चालला होता. महालनोबिसांनी पन्नास वर्षांचे पावसाचे आकडे मांडून दाखवले की तलावांचा उपयोग नाही, पाण्याचा निचरा लवकर झाला पाहिजे. 1926 साली ओरिसात ब्राह्मणी नदीला पूर आला तेव्हा नदीचा तळ वर आला आहे, सबब बांध उंच करावेत, असे इंजिनियर म्हणत होते. तळ मुळीच वर आलेला नाही हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. म्हणजे सरकारच्या दप्तरात आकडे पडून होते, त्यांना विचारणारा कोणी नव्हता.

17 डिसेंबर 1931 रोजी त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली. जागा म्हणजे प्रेसिडेन्सी कॉलेजातली खोली, आणि पहिल्या वर्षाचा खर्च दोनशे अडतीस रुपये!

आता मुख्य गोष्ट. ती समजण्यासाठी बंगालचा महसूल आणि आपल्याकडचा महसूल यांतला फरक ध्यानात घ्यावा लागेल. माळवा असो, वऱ्हाड असो की मुंबई इलाखा असो, गावोगाव पटवारी किंवा तलाठी असतो आणि शेताशेताची नोंद त्याच्या दप्तरात असते. बंगालात 1793 सालीच सारा कायमचा ठरवून जमीनदारांच्या गळ्यात बांधला गेला. सारा वाढायचा नसल्यावर सरकारला शेतात काय उगवते हे विचारण्याचे कारण उरले नाही, आणि म्हणून तेथे पटवाऱ्याची यंत्रणाही नव्हती. किती बिघे ताग पेरला हा आकडा गावच्या चौकीदाराच्या तोंडून ठाण्यावर जाई आणि तेथून वर चढे. चौकीदार बहुधा निरक्षर. माझे आजोबा निदान घोडीवरून शिवेपर्यंत तरी जात होते.

अशा प्रांतात तागाचे क्षेत्र मोजण्याचे काम 1937 साली महालनोबिसांकडे आले. शेतन् शेत मोजायचे तर हजारो माणसे हवीत, आणि हजारो माणसे घाईने भरती केली की त्यांच्या चुकाही हजारोंनी येतात. त्यांनी मार्ग काढला तो घरातल्या बायकांना ठाऊक असलेलाच, शितावरून भाताची परीक्षा. पण शीत कोणते घ्यावयाचे ते हाताने ठरवायचे नाही. माणसाच्या मर्जीवर सोडले की तो रस्त्याकडचे शेत घेतो, ओळखीच्याचे घेतो, चांगले दिसणारे घेतो. म्हणून नकाशावरच्या जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, आकड्यांच्या कोष्टकातून निवडायच्या, आणि निघेल त्या जागी, मग ती चिखलात असो की नदीपलीकडे, जायचेच.

त्याहून मोठी युक्ती पुढे आहे. एकाच मुलखात ते दोन स्वतंत्र तुकड्या पाठवीत, दोघांचे नमुने निराळे. एकाचा कागद दुसऱ्याने पाहावयाचा नाही. शेवटी दोन्ही उत्तरे शेजारी ठेवायची. जुळली तर ठीक, नाही जुळली तर कोठेतरी घोंगडी अंथरली गेली आहे असे समजायचे. सरकारी आकड्याने आपली चूक किती असू शकेल हे स्वतःच सांगावे, ही कल्पना तोपर्यंत कोणत्या कचेरीत रुजली होती? 1941 साली बंगाल सरकारने ही नमुना पाहणी चालू असतानाच शेतन् शेत मोजण्याची मोहीमही काढली. पुढे गिरण्यांचा खप आणि निर्यात यांच्या हिशेबाशी ताडून पाहता थोड्या माणसांनी, थोड्या पैशांत केलेला नमुन्याचा अंदाज खऱ्याच्या अधिक जवळ निघाला.

येथे आपल्या दोन माणसांची गाठ त्यांच्याशी पडते. एक सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, आणि दुसरे आमच्या इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काम केलेले डॉ. वि. गो. पानसे. एकरी पीक किती हे आण्यांत न सांगता शेताचा तुकडा कापून, मळून, वजन करून सांगावे यावर तिघांचे एकमत. मतभेद पुढे. महालनोबिस काही फूट त्रिज्येची लहान वर्तुळे कापीत, म्हणजे काम लवकर होऊन पुष्कळ जागा पाहता येतात. सुखात्म्यांनी प्रयोगाने दाखवले की तुकडा जितका लहान तितका अंदाज फुगतो, कारण कडेवरचे ताट आत की बाहेर असा संशय आला की माणूस ते आत ओढतो. त्यांचा हा लेख 1946 साली नेचर या पत्रात आला. दुसरा वाद माणसांचा. महालनोबिसांना पाहणीसाठी स्वतःची, पगारी, दुसरे काही काम नसलेली माणसे हवी होती. सुखात्मे-पानसे म्हणत की पटवारी आणि शेतकी खात्याचा माणूस गावोगाव आहेच, त्याला शिकवा आणि त्याच्याकडूनच करून घ्या. वाद बराच कडवट झाला. महालनोबिस स्वभावाने हट्टी, सत्ता हातची सोडायला नाखूष, आणि विरोध त्यांना फारसा सोसत नसे.

माझे स्वतःचे मत असे की तुकड्याच्या बाबतीत सुखात्म्यांचे खरे होते. माणसांच्या बाबतीत दोघेही आपापल्या गावचे बोलत होते. ज्याच्या प्रांतात पटवारीच नाही त्याला तो आठवणार कसा, आणि जो तलाठ्याच्या मुलखात वाढला त्याला तो सोडून चालावे असे वाटणार कसे? मात्र सारा वसूल करणाऱ्यानेच पीक किती हे सांगावे यात जी खोच आहे ती बंगालच्या माणसाला अधिक लवकर दिसली, हे आजोबांचा नातू या नात्याने मला कबूल केलेच पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर काम देशभर पसरले. 1949 साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष महालनोबिस, सभासद पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव. उत्पन्न मोजायला बसले तो खेड्यातला माणूस काय खातो, काय विकतो याची माहितीच नाही! त्या उणिवेतून राष्ट्रीय नमुना पाहणी जन्मली. ऑक्टोबर 1950 मध्ये तिची पहिली फेरी निघाली आणि तपासनीस अठराशेंहून अधिक खेड्यांत गेले. गाव बदलले की भाषा बदलते, शेर बदलतो, बिघा बदलतो. मुंबई राज्याचे कागद पुण्याच्या गोखले संस्थेत तपासले जात, बाकीचे कलकत्त्याला.

1954-55 च्या आठव्या फेरीपासून राज्य सरकारे त्यात उतरली. केंद्राचा नमुना वेगळा, राज्याचा वेगळा, प्रश्नावली एकच. तागाच्या शेतातली दोन तुकड्यांची युक्ती आता दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्या यांच्यात मांडली गेली. दोन्ही सरकारांनी आपापले आकडे काढून शेजारी ठेवावेत आणि फरक दिसला तर कारण शोधावे, असा त्यातला हेतू. प्रत्यक्षात कित्येक राज्यांचे कागद वर्षानुवर्षे गठ्ठ्यांतच राहिले आणि ताडून पाहण्याची वेळ आलीच नाही. या ढिलाईचा दोष मी कलकत्त्याच्या म्हाताऱ्याला देणार नाही.

मान-सन्मान पुष्कळ मिळाले. 1945 साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, 1968 साली पद्मविभूषण. रवींद्रनाथांशी घरोबा होता, पत्नी राणी ऊर्फ निर्मलकुमारी त्यांच्या सर्व खटाटोपात बरोबर होत्या. पण अखेरची वर्षे कष्टी गेली. 1970 साली नमुना पाहणीची पुनर्रचना होऊन ती सरकारी संघटना झाली, आणि संस्थेकडे उरलेले आराखड्याचे व तपासणीचे कामही काढून घेण्यात आले. जन्मभर सरकारी खात्यापासून दूर ठेवलेली मोजणी खात्यात गेली. 28 जून 1972 रोजी, एकोणऐंशी पूर्ण होण्यास एक दिवस उरला असता, प्रशांतचंद्र कलकत्त्यास वारले.

दोन-तीन वर्षांमागे मी आमच्या जुन्या परगण्यात गेलो होतो. सोयाबीन कापणीला आले होते. पीकविम्यासाठी कापणी प्रयोग चालला होता. पटवारी तरुण होता, त्याच्या हाती यादी होती, आणि यादीत निघालेला खसरा नंबर गावापासून लांब, नाल्यापलीकडे पडला होता. पटेलांच्या नातवाने जवळचेच शेत घ्या, पीक तेच आहे, असा आग्रह धरला, चहाही मागवला. पटवाऱ्याने चहा घेतला. मग जोडे हातात धरून तो नाल्यात उतरला, आणि दोरी व खुंट्या घेतलेली माणसे त्याच्या मागोमाग गेली.