पोहरा नसलेला वाटसरू आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्याकडे बहुधा दोन तुकड्यांत सांगितले जाते. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, ती एक रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेली दुसरी. पहिलीचा आपल्याला अभिमान, दुसरीबद्दल आपण जरा घुटमळतो. मधला सांधा मात्र कुणी फारसा दाखवत नाही. तो सांधा योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे, असे मला वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि पुढे त्या आईनेच रमेला. हे कुटुंब पुराणे सांगत देशभर तीर्थयात्रा करीत हिंडले. दानधर्मात होते ते संपले. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली रमा भावाबरोबर १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. दोन वर्षांत तोही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या परजातीतल्या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केले. सिल्चरच्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या. १८८२ मध्ये पटकीने नवरा दगावला. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी.

पुण्यात आर्य महिला समाज काढून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅमला, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवला होता. तो पाहून रमाबाई चक्रावल्या. अशा बायकांना आपल्या शास्त्रांत फक्त शिक्षा ठाऊक. इथे त्यांची सेवा कशी? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची भेट वाचून दाखवली.

ही गोष्ट आमच्या चाकूरकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो हा मुलूख. ऐन दुपारी थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. एक बाई एकटीच पाण्याला येते. तो तिला पाणी मागतो. बाई थबकते, कारण तो यहुदी, ती शोमरोनी, आणि यहुदी शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. विटाळ या एका शब्दाने मराठवाड्यातला कोणीही म्हातारा हा प्रसंग ओळखील. गावोगावचे वेगळे पाणवठे त्याने पाहिलेले आहेत.

आता योहानाची मांडणी पाहा. आपल्या कीर्तनात आधी निरूपण, मग आख्यान. योहान पुष्कळदा ते उलटे करतो. आधी खूण म्हणून एखादा चमत्कार, मग तिच्यावर लांब संवाद. काना गावच्या पाण्याच्या द्राक्षारसापासून लाजराला उठवण्यापर्यंत अशा सात खुणा सहसा मोजल्या जातात. एकवीस अध्यायांपैकी तब्बल पाच एका रात्रीच्या निरोपाला दिलेले आहेत. संवादांत ऐकणारा आधी हटकून चुकीचे समजतो. तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा मोठा शास्त्री रात्री येतो. नव्या जन्माचे ऐकून पुन्हा आईच्या पोटात कसे शिरायचे, असे विचारतो आणि गोंधळलेलाच अंधारात नाहीसा होतो. लगेच चौथ्यात भर दुपारी ही बिननावाची बाई. जिवंत पाण्याचे ऐकून तीही आधी अडखळते. विहीर खोल, याच्याजवळ पोहरा नाही, मग पाणी काढणार कशाने? पण ती प्रश्न सोडत नाही. पाच नवरे झाल्याचे तो तिला सांगतो तरी ती पळत नाही, उलट धर्मशास्त्रातला वादच पुढे काढते: पूजा आमच्या डोंगरावर करायची की तुमच्या यरुशलेमेत? दोन्हीकडे नाही, आत्म्याने आणि खरेपणाने, अशा अर्थाचे उत्तर मिळते. घागर तिथेच टाकून ती गावाकडे जाते आणि तिच्या सांगण्यावरून गाव येशूकडे येते. शास्त्री आणि ही बाई शेजारी-शेजारी ठेवण्यात योहानाचा हेतू उघड आहे. शेवटी उठलेल्या येशूला प्रथम पाहणारी आणि ती बातमी शिष्यांना सांगायला धाडलेलीही बाईच, मग्दालीया मरीया.

तीर्थामागून तीर्थ पालथे घालून ज्या मुलीचे आईबाप उपाशी मेले, तिला त्या डोंगर-यरुशलेमेच्या उत्तरात काय ऐकू आले असेल, याचा अंदाज करता येतो. येशूच तारणारा, हे आपल्याला या अध्यायाने पटले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

तरी त्या निमूट शिष्या झाल्या नाहीत. योहानाच्या पहिल्याच ओळी शब्दाला देवत्व देतात आणि तो शब्द देहधारी झाला म्हणतात. त्रैक्य, येशूचे देवत्व या गोष्टींवर त्या मठातल्या गुरूभगिनी जेराल्डाइनशी पत्रांतून कडकडून भांडल्या. बाप्तिस्मा घेतला तरी बुद्धी गहाण टाकली नाही, आणि मांसाहारही स्वीकारला नाही. मला रमाबाई सर्वांत जास्त भावतात त्या इथे. पुण्याच्या सनातन्यांशी भांडणे एक वेळ सोपे. ज्यांच्या घरी राहायचे आणि ज्यांच्या आधाराने शिकायचे त्यांच्याशी भांडणे कठीण.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. मुलींना प्रार्थनेची सक्ती नव्हती, पण बाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे. १८९३ मध्ये गदारोळ झाला. केसरीने झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती समजण्यासारखी होती. पण ज्या विधवांना घरात कोपरा नव्हता त्यांची व्यवस्था दुसरे कोण करीत होते, हाही प्रश्न उरतोच. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली गोळा करून केडगावला आणल्या. तेच मुक्तिसदन. तिथे त्यांनी कृपासदन नावाचा वेगळा विभाग काढला, फुलहॅमला पाहिलेल्या बायकांसारख्या बायकांसाठी. लातूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड सोडले की हे केडगाव लागते.

उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर, आश्रमातल्या खेडवळ मुलींना न कळणारे. म्हणून मूळ भाषांवरून साध्या मराठीत नवे भाषांतर करायचे ठरवले. जिला भागवत पाठ होते तिने जाणूनबुजून संस्कृत शब्द टाळले, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. छापखाना आश्रमातच, खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या तिथल्याच बायका. १९२१ मध्ये मनोरमा गेली. बाई मुद्रिते तपासत राहिल्या. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.