मासाओका शिकी

जपानमधील मात्सुयामा नगरात १८६७ साली एका सामुराई कुळात मासाओका शिकी यांचा जन्म झाला. बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. १८८९ साली त्यांना क्षयाने गाठले व खोकल्यातून रक्त पडू लागले. रक्त ओकेपर्यंत गाणाऱ्या एका पक्ष्याची कथा जपानात सांगतात. त्याच पक्ष्याचे ‘शिकी’ हे नाव त्यांनी धारण केले.

हायकू म्हणजे सतरा अक्षरांची चिमुकली कविता. लाकडी ठशांनी छापलेले हायकूंचे जुने संग्रह त्या काळी दुर्लक्षित पडले होते. शिकी ते मिळवून वाचीत आणि त्यांतील हजारो हायकू ऋतू व विषय यांनुसार निवडून स्वहस्ते उतरून काढीत.

बुसोन हे १८व्या शतकातील थोर कवी. परंतु लोक त्यांना चित्रकार म्हणूनच ओळखत. १७८४ साली छापलेला त्यांचा संग्रह दुर्मीळ झाला होता. तो शोधून देणाऱ्यास शिकी व त्यांच्या मित्रांनी बक्षीस ठेवले. अखेर पुस्तक हाती लागले. १८९७ साली शिकींनी बुसोनवर लेखमाला लिहिली आणि त्यांची थोरवी लोकांना पटवून दिली.

पुढे क्षय पाठीच्या कण्यात शिरला. शिकी अंथरुणास खिळले. असह्य वेदना होत; पण त्यांची लेखणी थांबली नाही. आई व बहीण अहोरात्र शुश्रूषा करीत. १९०२ साली, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. आयुष्य अल्प आहे हे जाणूनही त्यांनी त्यातील कितीतरी दिवस विसरलेल्या कवींसाठी वेचले. म्हणूनच त्या कवींचे शब्द आज जगभर वाचले जातात.