ढळलेला तोल सावरणारा राजा : सयाजीराव महाराज

सयाजीबाग, सयाजी रुग्णालय, महाराजा सयाजीराव विद्यापीठ ही नावे आपण वडोदऱ्यात रोज उच्चारतो. महाराजांचे वैभव आणि त्यांच्या सुधारणा आपल्याला पाठ असतात. पण त्यांच्या वाट्याला आलेली दुःखे आणि त्यांतून त्यांनी काढलेला मार्ग फारसा कोणी सांगत नाही.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी १८६३ साली एका शेतकरी घरात गोपाळरावांचा जन्म झाला. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. महाराणी जमनाबाईंनी गोपाळरावांना दत्तक घेतले आणि ते सयाजीराव झाले. वय अवघे बारा! घर, गाव, इतकेच काय, स्वतःचे नावही मागे राहिले. यातले काहीच त्यांनी ठरवलेले नव्हते. त्यांच्या हाती एकच गोष्ट होती, ती म्हणजे अभ्यास. ज्या मुलाला अक्षरओळखही नव्हती, त्याने इलियट साहेबांच्या हाताखाली कसून अभ्यास केला. दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडून राज्यकारभाराचे धडे घेतले. १८८१ च्या अखेरीस राज्याची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली.

पुढे चारच वर्षांनी, १८८५ साली, महाराणी चिमणाबाई क्षयाने गेल्या. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. राजाची तिजोरीही तेथे उपयोगी पडली नाही. रावपुऱ्यातील घंटाघर हे त्यांचेच स्मारक आहे.

या काळात महाराजांची प्रकृतीही ढासळली. कामाचा ताण वाढला आणि झोप नाहीशी झाली. निद्रानाशाने त्यांना पुढेही वर्षानुवर्षे छळले. मोठ्या माणसांना काहीच वाटत नसते, असा आपला समज असतो. तो किती चुकीचा आहे हे येथे दिसते. महाराजांनी आपले दुखणे लपवले नाही. वैद्यकीय सल्ला मानून ते १८८७ साली विश्रांतीसाठी युरोपला गेले. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानण्याचा तो काळ होता. तेथेही त्यांचे डोळे उघडे होते. शाळा, ग्रंथालये, कारखाने पाहून जे चांगले वाटले ते त्यांनी इकडे आणले.

१८९९ साली पावसाने दगा दिला आणि गुजरातेत छप्पनियाचा भीषण दुष्काळ पडला. पाऊस पाडणे राजाच्याही हाती नसते. पण भुकेल्यांना काम आणि अन्न देणे हाती असते. संस्थानने दुष्काळी कामे काढली. शहराला पाणी पुरवणारे आजव्याचे सयाजी सरोवर तर त्याआधीच, १८९२ साली, सिद्ध झाले होते.

१९०८ साल पाहा. त्या वर्षी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी थोरले चिरंजीव फत्तेसिंगराव ऐन पंचविशीत निवर्तले. १९१९ साली शिवाजीराव आणि १९२३ साली जयसिंगराव गेले. तीन तरुण मुलांचा मृत्यू पाहण्याची वेळ त्या पित्यावर आली.

त्यातच १९११ चा दिल्ली दरबार झाला. सम्राटांपुढे महाराजांनी एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते परतले, म्हणून इंग्रजी वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. महाराजांनी व्हाइसरॉयना पत्राने खुलासा केला आणि ते आपल्या कामाला लागले. लोकांनी काय बोलावे, हे त्यांच्या हाती नव्हते.

या सगळ्या आघातांत काम मात्र थांबले नाही. १८९३ साली अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ साली सर्व संस्थानात लागू झाले. १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि गावोगावी वाचनालयांचे जाळे पसरले. १९१३ साली भीमराव आंबेडकर हा तरुण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला शिकायला गेला. स्वतःची मुले गमावणाऱ्या या पित्याने हजारो घरांतील मुलांच्या हाती पाटी-पुस्तक दिले. १९३९ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, महाराजांना दुःख झाले नाही असे नाही. त्यांची झोप उडाली, प्रकृती बिघडली. तरी ज्या गोष्टी आपल्या हाती नाहीत त्यांच्याशी झगडण्यात त्यांनी आयुष्य घालवले नाही, आणि ज्या हाती होत्या त्या सोडल्या नाहीत. आपल्यालाही कधी निकाल मनासारखा लागत नाही, कधी घरात आजारपण येते, कधी जिवलग मित्र गाव सोडून जातो. तेव्हा रडू आले तर रडावे, आई-वडिलांशी किंवा बाईंशी-सरांशी मोकळेपणाने बोलावे, गरज पडल्यास डॉक्टरांकडे जायला लाजू नये. आणि मग उद्याचा जो धडा आपल्या हाती आहे, तो उघडून बसावे. रावपुऱ्यातून जाताना घंटाघराकडे पाहाल, तेव्हा महाराजांची ही बाजूही आठवा.